शरीराला रात्र कशी कळते? कोराडीची रात्रपाळी, संत्र्याचा बहार आणि जैविक घड्याळ

नागपूरहून सावनेरकडे निघाले की शहर संपता संपता कोराडी लागते. महालक्ष्मी जगदंबेचे देवस्थान, तलाव आणि औष्णिक वीज केंद्र यांमुळे हे गाव राज्यभर माहीत आहे. महानिर्मितीच्या या केंद्रात १९७४ पासून वीज तयार होते. आज येथे प्रत्येकी ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत. कोळशावर चालणारा असा संच रात्री बंद करून सकाळी सुरू करणे परवडत नाही, कारण बॉयलर थंड झाला तर तो पुन्हा पूर्ण क्षमतेवर यायला बरेच तास लागतात. म्हणून केंद्र रात्रंदिवस चालते आणि माणसे पाळ्यांमध्ये काम करतात.

रात्रपाळी करणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. रात्रीची आठ तासांची झोप आणि दिवसाची आठ तासांची झोप सारखी नसते. खोलीत अंधार केला, कूलर लावला, घरातले सगळे गप्प राहिले, तरी दुपारी बारा-एकच्या सुमारास डोळे उघडतात. उलट पहाटे चारला कितीही चहा घेतला तरी डोळे मिटू लागतात.

याच कोराडीपासून तास-दीड तासाच्या अंतरावर सावनेर, कळमेश्वर, काटोल, नरखेड हा संत्र्याचा पट्टा आहे. तिथे बागायतदार डिसेंबरात थंडीची आणि मे महिन्यात कोरड्या उन्हाची वाट पाहतात. थंडी पडली नाही किंवा मे महिन्यात अवकाळी पाऊस आला, तर झाडाला फूल येण्याचे गणित बिघडते.

माणसाची झोप आणि संत्र्याचे फूल यांचा वरवर काही संबंध दिसत नाही. पण दोन्हींमागे एकच प्रश्न आहे: सजीवाला वेळ कशी कळते, आणि ती कळण्यात ऊन, अंधार, तापमान, पाणी यांचा वाटा किती?

घड्याळ बाहेर की आत?

पूर्वी असे मानले जाई की सजीव फक्त सूर्याला प्रतिसाद देतात. ऊन आले की जागे, अंधार पडला की झोप. या समजुतीला पहिला धक्का दिला लाजाळूच्या झाडाने. १७२९ मध्ये फ्रान्समधील ज्यां-जाक द मेरां या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवले. ऊन मिळत नव्हते, तरी रोपाची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. म्हणजे रोपाच्या आतच काहीतरी वेळ मोजत होते.

माणसाच्या बाबतीत हाच प्रयोग फ्रान्सच्या मिशेल सिफ्र यांनी स्वतःवर केला. १९६२ मध्ये ते घड्याळाशिवाय एका गुहेत सुमारे दोन महिने राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हिशेबाने २० ऑगस्ट होता; प्रत्यक्षात १४ सप्टेंबर उजाडला होता. दिवसांचा हिशेब चुकला, पण त्यांचे झोपणे-उठणे मात्र जवळपास २४ तासांच्या चक्रातच चालू होते. चक्र २४ तासांहून थोडे लांब होते, एवढेच.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, आपल्या आत एक घड्याळ आहे आणि ते बाहेरच्या मदतीशिवाय चालते. दुसरी, ते अगदी अचूक नाही. माणसाच्या या घड्याळाचा एक फेरा सरासरी २४ तास आणि काही मिनिटांचा असतो. रोज ते थोडे मागे पडते, आणि रोज बाहेरच्या खुणा ते पुन्हा जागेवर आणतात. जुने चावीचे घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या वेळेवर मिळवून घ्यावे, तसाच हा प्रकार.

पेशीतले घड्याळ चालते कसे?

हे घड्याळ शरीरात कुठे आहे, याचे उत्तर आहे: जवळजवळ प्रत्येक पेशीत. ते कसे चालते याचा उलगडा फळमाशीवरच्या संशोधनातून झाला. १९७१ मध्ये सिमोर बेन्झर आणि रोनाल्ड कोनोप्का यांना अशा फळमाश्या सापडल्या ज्यांचा दिवस २४ तासांऐवजी लहान किंवा मोठा होता, तर काहींचे वेळापत्रकच नाहीसे झाले होते. दोष एकाच जनुकात होता. त्याला ‘पीरियड’ हे नाव मिळाले. पुढे या जनुकाचे काम उलगडून दाखवणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

ही यंत्रणा समजायला नागपूरकरांना कूलरची टाकी पुरेशी आहे. टाकीत पाणी भरत जाते, तसा फ्लोट वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी उडून गेले की फ्लोट खाली जातो आणि नळ पुन्हा सुरू होतो. पेशीतही पीरियड जनुक एक प्रथिन तयार करवते. ते प्रथिन पुरेसे साचले की पेशीच्या केंद्रकात शिरते आणि स्वतःला तयार करणाऱ्या जनुकालाच थांबवते. हळूहळू प्रथिन मोडून संपते, मग जनुक पुन्हा सुरू होते. फरक एवढाच की इथे प्रत्येक टप्प्याला मुद्दाम उशीर लागतो. प्रथिन साचायला, केंद्रकात शिरायला, मोडायला काही तास जातात. हे सगळे उशीर मिळून एक फेरा साधारण २४ तासांचा होतो.

येथे एक शंका येते. रासायनिक क्रिया उष्णतेने वेगवान होतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि जानेवारीत पहाटे १० अंशांच्या आसपास येतो. मग झाडांचे आणि किड्यांचे घड्याळ उन्हाळ्यात पळत आणि हिवाळ्यात रेंगाळत असेल का? तसे होत नाही. घड्याळातील काही क्रिया उष्णतेने वाढतात, तर त्यांना अडवणाऱ्या क्रियाही वाढतात, आणि एकूण फेरा जवळपास तेवढाच राहतो. हा गुण नसता तर घड्याळाचा उपयोगच झाला नसता.

मुख्य घड्याळ आणि डोळ्यांतली खिडकी

माणसाच्या शरीरात कोट्यवधी छोटी घड्याळे असली तरी त्यांना एका तालावर ठेवणारे एक मुख्य घड्याळ आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, सुमारे २०,००० मज्जापेशींचा तो एक छोटा पुंजका आहे. जागा पाहिली की कारण लक्षात येते: त्याला डोळ्यांकडून उजेडाची खबर थेट हवी असते.

ही खबर देणाऱ्या पेशी आपल्याला चित्र दाखवणाऱ्या पेशींहून वेगळ्या आहेत. दृष्टिपटलावरील काही पेशींमध्ये मेलॅनॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि त्या स्वतःच उजेड ओळखतात, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झाले. त्यांना निळसर उजेड सर्वांत जास्त जाणवतो. सकाळचे मोकळे आकाश त्यांच्यासाठी सर्वांत मोठी खूण. पण पांढऱ्या एलईडी दिव्यात आणि मोबाइलच्या पडद्यातही निळसर उजेड भरपूर असतो. जुने पिवळे सोडियमचे दिवे या बाबतीत सौम्य होते.

संध्याकाळी उजेड कमी झाला की मुख्य घड्याळ मेलॅटोनिन या संप्रेरकाला वाट मोकळी करते. ते शरीराला सांगते की रात्र झाली. शरीराचे आतले तापमान हळूहळू उतरते, पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी होते, आणि मग पुन्हा चढू लागते. पहाटे चारला कंट्रोल रूममध्ये डोळे मिटतात, ते या कारणाने. त्या वेळी माणूस थकलेला असतोच, शिवाय त्याचे घड्याळही ‘झोप’ असे सांगत असते.

चुका आणि अपघात या वेळेत वाढतात, हे कारखाने, रस्ते आणि रुग्णालये अशा अनेक ठिकाणी दिसले आहे. १९७९ मधील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातील दुर्घटना पहाटे चारच्या सुमारास सुरू झाली, तर १९८६ मध्ये चेर्नोबिलचा स्फोट रात्री दीडच्या आधी झाला. या दुर्घटनांची मूळ कारणे यंत्रणेत आणि कार्यपद्धतीत होती. तरी रात्रीच्या त्या तासांत गोंधळलेली परिस्थिती ओळखणे माणसाला अधिक अवघड जाते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रात्रपाळी अंगवळणी का पडत नाही?

‘सवय होते हळूहळू’ असे आपण म्हणतो. झोपेची थोडी सवय होते, घड्याळाची मात्र क्वचितच. त्याचे कारण सकाळच्या उजेडात आहे.

उजेडाचा परिणाम तो कोणत्या वेळी मिळतो यावर ठरतो. संध्याकाळी आणि रात्रीच्या पूर्वार्धात मिळालेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे झोप उशिरा येते. शरीराचे तापमान तळाला जाऊन गेल्यानंतर, म्हणजे पहाटेनंतर मिळालेला उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते. रात्रपाळीच्या माणसाचे घड्याळ रात्रभराच्या दिव्यांनी थोडे मागे सरकू लागते, पण सकाळी सातला तो घरी निघतो तेव्हा डोळ्यांवर लख्ख ऊन पडते आणि घड्याळ पुन्हा आपल्या मूळ जागी ओढले जाते. त्यात साप्ताहिक सुटीला तो घरच्यांबरोबर रात्री झोपतो. घड्याळ ना दिवसाचे राहते ना रात्रीचे.

विदर्भातील उन्हाळा यात भर घालतो. झोप लागण्यासाठी शरीराला आतली उष्णता बाहेर टाकावी लागते. बाहेर ४४-४५ अंश असताना आणि कूलर दमट हवा फेकत असताना हे काम कठीण होते. म्हणून मे महिन्यातील दिवसाची झोप डिसेंबरातील झोपेपेक्षा आणखी तुटक होते.

जेवणाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. मुख्य घड्याळ उजेडावर चालते, पण यकृत, स्वादुपिंड, आतडी यांची घड्याळे जेवणाच्या वेळेवरही चालतात. तेच जेवण सकाळी घेतले तर रक्तातील साखर जितकी चढते, त्यापेक्षा रात्री जास्त चढते. मध्यरात्री डब्यातील पोळी-भाजी पोटभर खाल्ली की मेंदू आणि यकृत यांच्या वेळा एकमेकांशी जुळत नाहीत. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये मधुमेह, लठ्ठपणा आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळते, त्यामागे हे एक कारण मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये जैविक घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. २०१९ मध्ये पुन्हा आढावा घेतला तेव्हा रात्रपाळीचे काम म्हणून ते त्याच गटात कायम राहिले. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो असा नाही. धोका गंभीरपणे घ्यावा इतका पुरावा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दिवस लहान झाला हे सोयाबीनला कळते

आतापर्यंत रोजच्या घड्याळाची गोष्ट झाली. सजीवांना वर्षही मोजावे लागते. त्यासाठी सर्वांत भरवशाची खूण दिवसाच्या लांबीची. पाऊस लवकर-उशिरा येतो, थंडी कमी-जास्त पडते, पण २१ जूनचा दिवस दरवर्षी तेवढाच असतो. कोराडीच्या अक्षांशावर तो सुमारे १३ तास २५ मिनिटांचा असतो, तर डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस सुमारे १० तास ५० मिनिटांचा. हा अडीच तासांचा फरक आपल्या लक्षात येत नाही, पण झाडांना तो कळतो.

१९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवले की ही पिके फुलोऱ्यावर केव्हा येतील हे दिवसाच्या लांबीवर ठरते. सोयाबीनला दिवस लहान आणि रात्री लांब व्हाव्या लागतात. झाड त्यासाठी आपल्या आतल्या घड्याळाशी उजेडाची वेळ ताडून पाहते. विदर्भात पाऊस लांबला आणि पेरणी उशिरा झाली तर सोयाबीन बुटके राहते आणि शेंगा कमी लागतात, यामागे हेही एक कारण आहे. झाडाची पुरेशी वाढ होण्याआधीच दिवस लहान होऊ लागतात आणि ते फुलावर येते.

याची उलट बाजू दिव्यांखाली दिसते. अमेरिकेत रस्त्यावरच्या दिव्यांजवळचे सोयाबीन बाकीचे शेत पिवळे पडले तरी हिरवेच राहते. रात्रभराच्या उजेडाने त्याला अजून मोठे दिवस चालू आहेत असे वाटते. शेवंतीचे शेतकरी हीच गोष्ट मुद्दाम करतात. रात्री दिवे लावून फुले लांबवतात आणि बाजारात भाव असेल तेव्हा आणतात.

पक्षी दिवसाची लांबी आणि पाऊस दोन्ही पाहतात. सुगरणीचे शरीर दिवस मोठे होऊ लागले की विणीसाठी तयार होते, पण घरटे विणायला हिरव्या गवताच्या लांब पात्या लागतात आणि त्या पावसानंतरच मिळतात. दिवसाची लांबी तयारी करून ठेवते, पाऊस सुरुवात करून देतो.

संत्र्याला थंडी किंवा तहान लागते

संत्र्याची तऱ्हा आणखी वेगळी. ते दिवसाच्या लांबीकडे फारसे पाहत नाही. त्याला हवा असतो ताण. थंडीत किंवा पाणी तुटल्यावर झाडाची वाढ थांबते आणि पानांत फुलोऱ्याचा संदेश देणारे प्रथिन साचू लागते. मग ऊब आली किंवा पाणी मिळाले की डोळे फुटतात आणि त्यांतून फुले निघतात.

नागपुरी संत्र्याचे दोन मुख्य बहार यातूनच झाले. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीने ताण बसतो आणि आंब्याला मोहोर येण्याच्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, संत्रा फुलतो. तो आंबिया बहार. त्याची फळे पुढच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात. दुसरा मृग बहार. उन्हाळ्यात बागायतदार पाणी तोडतात, झाड सुकल्यासारखे दिसते, आणि मृगाच्या पावसाने ते फुलते. त्याची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात. ताण किती दिवस द्यायचा हे जमिनीवर ठरते. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत ओल टिकते म्हणून वेळ लागतो.

आता यातला धोका पाहा. हिवाळा उबदार गेला तर आंबियाचा ताण पुरेसा बसत नाही आणि फुले थोडी व मागेपुढे येतात. मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला तर मृगाचा ताण मध्येच तुटतो आणि फुलांऐवजी नवी पालवी फुटते. लाजाळूचे किंवा माणसाचे घड्याळ तापमानाच्या चढउतारात टिकून राहते, पण संत्र्याचा बहार तापमान आणि पाणी यांच्याच इशाऱ्यावर चालतो. म्हणून हवामान बदलाचा फटका त्याला थेट बसतो. नागपुरातील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था बहार व्यवस्थापनावर काम करते, ते या कारणाने महत्त्वाचे आहे.

तलावातही रात्र हवी असते

रात्रीच्या उजेडाचा परिणाम पाण्यातही होतो. गोड्या पाण्याच्या तलावांत डाफ्नियासारखे सूक्ष्म प्राणी दिवसा माशांपासून लपण्यासाठी खोल जातात आणि रात्री वर येऊन शेवाळ खातात. अमेरिकेत बोस्टन शहराजवळच्या एका तलावातील अभ्यासात, शहराच्या उजेडामुळे हे प्राणी रात्री कमी संख्येने आणि कमी उंचीपर्यंत वर येतात असे दिसले. वरचे शेवाळ खाणारे कमी झाले तर पाणी हिरवे होण्याची शक्यता वाढते. ज्या गावात तलाव, मंदिराची रोषणाई आणि रात्रभर उजळलेला कारखाना जवळजवळ असतात, तिथे दिव्यांचा झोत कुठे पडतो हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही. दिव्याला वरून झाकण असणे, झोत जमिनीकडे असणे आणि रंग पिवळसर असणे एवढ्यानेही फरक पडतो.

मग करायचे काय?

वीज लागणार, म्हणजे रात्रपाळीही राहणार. तरी घड्याळ कसे चालते हे कळले की त्रास कमी करता येतो.

पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा असावा. आपले घड्याळ मुळात २४ तासांहून थोडे लांब असल्याने त्याला मागे पडणे सोपे जाते, पुढे धावणे अवघड.

रात्रपाळीच्या पहिल्या भागात भरपूर उजेड घ्यावा. मोठे जेवण पाळीवर जाण्याआधी करावे आणि मध्यरात्रीनंतर हलके खावे. चहा-कॉफी पाळीच्या सुरुवातीला घ्यावी. पहाटेचा चहा सकाळच्या झोपेला नडतो.

घरी जाताना गडद चष्मा लावला तर सकाळचा उजेड कमी लागतो. मात्र डोळे मिटत असतील तर गाडी चालवू नये. आधी वीस मिनिटे डुलकी घेऊन निघावे. घरी खिडक्यांना जाड पडदे लावावेत, खोली थंड ठेवावी आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा झोपतो तेव्हा तो आळस करत नसतो. त्याचे शरीर त्या वेळी ‘ऊठ’ म्हणत असते आणि तो त्याविरुद्ध झोपण्याचा प्रयत्न करत असतो. त्या चार-सहा तासांत दारावरची घंटा, कुकरची शिट्टी आणि टीव्हीचा आवाज टाळता आला, तर ते कोणत्याही औषधाइतकेच उपयोगी पडते.